पुडीवरची अक्का

सांगली
२२ सप्टेंबर

चंदनअक्का,

जय जिनेंद्र. मी असं लिहिलं की तू हसायचीस, 'स्वतःचाच जयजयकार करतोय बघा आमचा जिनू' म्हणायचीस. आज हसली नसशील, ते ठाऊक आहे.

फोन केला की दाजी उचलतात आणि सांगतात, "पूजेत हाय ती." सकाळी केला तरी पूजेत, दुपारी केला तरी पूजेत, जेवायच्या वेळी केला तरी पूजेत. अक्का, एवढी पूजा तर पर्युषणातही कुणाच्या हातून होत नाही. बहीण सातारला आणि भाऊ सांगलीत, मध्ये चांगला सहापदरी रस्ता, आणि मी पोस्टात तिकिटं विचारत फिरतोय. पोस्टातल्या बाईंनी मला ओळखलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. का, ते पुढे येईलच.

सोबत एक छापील कागद आहे. तो पुण्याच्या जाहिरात एजन्सीतल्या शिवांजलीने लिहिलाय. सगळ्या दुकानदारांना तोच गेला, तुमच्या साताऱ्याच्या मंदिरालाही तोच गेला, पेपरातही अर्धं पान तोच आला. "काही ग्राहकांच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास आम्हांस खेद आहे. लसूण हा आरोग्यास अपायकारक नसून आमचे प्रत्येक उत्पादन प्रयोगशाळेत तपासले जाते." असं बरंच आहे. खाली सही माझी आहे. वाचून तू कपाळाला हात लावला असशील.

झालं ते तुझ्या कानावर आलंच आहे, तरी एकदा माझ्याकडून ऐक. अप्पांची बिनलसणाची लोखंडी कढई तुला आठवते. जैन भडंग फक्त तिच्यात व्हायची. सकाळचा पहिला घाणा तिचा, मग बाकीच्या कढया चढायच्या. उन्हाळ्यात शिवांजलीने ती बघितली आणि हरखून गेली. म्हणाली, "सर, तुमची खरी गोष्ट ही आहे. ही लोकांना दिसली पाहिजे." मग कढई घासली, तिला वार्निश लावलं, नव्या दुकानात काचेच्या कपाटात ठेवली, वर दिवा सोडला आणि खाली पाटी लावली, 'आम्ही आजही शुद्धता वेगळी ठेवतो'. लोक शेजारी उभे राहून फोटो काढायला लागले. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. तिच्या जागी शेडमध्ये दुसरी कढई आणायची होती. आणू, आणू करत राहिलो आणि तोवर रोजच्याच कढईतली एक धुऊन वापरायला लागलो.

त्या दिवशी कंपनीची फिल्म काढायची होती. सकाळच्या उजेडात लसूण परतताना सोनेरी दिसतो म्हणे, म्हणून लसणाचा घाणा आधी घेतला. दुपार झाली. साताऱ्याच्या तुमच्या पुड्या राहिल्या होत्या आणि क्षमावणी तोंडावर आलेली. कढईवरच्या बिराप्पाने विचारलं, "मालक, कढई गार करून धुवू काय? टाइम लागतंय." मी म्हणालो, "पुसून घे. चालतंय."

एवढंच. फिल्म गावभर गेली. तिच्यात एक बाई गोड आवाजात शुद्धतेबद्दल बोलते आहे, आणि मागे बासरीच्या खाली माझा आवाज आहे, पुसून घे, चालतंय. कुण्या पोराने कानाला लावून ऐकलं आणि तेवढाच तुकडा कापून पुढे पाठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तोवर तू क्षमावणीला घरोघर हात जोडून 'जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी' म्हणत त्याच पुड्या वाटल्या होत्यास.

दाजींकडून तुझा निरोप कळला. पुडीवरचा तुझा फोटो काढून टाकायचा. अक्का, दुसरं काहीही माग. तासगावपासून खंडाळ्यापर्यंत लोक भडंग मागत नाहीत, 'अक्काची द्या' म्हणतात. फोटो गेला तर उरतं काय? शनिवारी शिवांजली साताऱ्याला येते आहे, तुला भेटायला. पोरगी चांगली आहे. दोन शब्द ऐकून घे.

तुझा,
जिनू


सांगली
५ ऑक्टोबर

अक्का,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. एक रिकामी पुडी होती, आणि तुझा फोटो असतो तिथे कात्रीने कापलेलं गोल भोक. कापलंस मात्र छान, शाळेत हस्तकलेत तुझा पहिला नंबर यायचा तो उगीच नाही. मी ते भोक डोळ्याला लावून ऑफिसातून बाहेर बघत बसलो होतो, तेवढ्यात हिशेबनीस आत आले आणि तसेच परत गेले. आता शेडमध्ये मालकाच्या डोक्यावर परिणाम झालाय अशीही बातमी आहे.

शिवांजली भेटायला येते आहे एवढंच मी लिहिलं. सोबत कॅमेरावाला आहे हे लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू दार उघडलं नसतंस, म्हणून लिहिलं नाही. तिने मला सगळं सांगितलं. तू पाणी दिलंस, पोहे दिलेस, घर कुठलं, आई-वडील काय करतात विचारलंस. मग पिशवीतून कॅमेरा निघाला. ती म्हणाली, "ताई, एकच वाक्य हवंय. 'माझ्या भावाला मी क्षमा केली आहे.' बाकी आम्ही जोडून घेऊ."

आणि तू म्हणालीस, "क्षमा? त्यानं मागितली कवा?"

मग स्वयंपाकघरात गेलीस ती बाहेर आलीच नाहीस. परत येताना गाडीत पोरगी रडली म्हणे. मला तुझा राग आला, अक्का. मागितली कवा म्हणजे? अर्धं पान पेपरात दिलं. शंभर दुकानांत कागद लावले. सांगलीच्या चौकात फलक आहे. माझ्याएवढी माफी या जिल्ह्यात कुणी मागितली असेल तर दाखव.

असं रागाने लिहून पान संपवलं होतं. जेवून आलो आणि परत वाचलं. त्या अर्ध्या पानात 'माफी' शब्दच नाही गं. 'खेद' आहे, तोही 'असल्यास'. मी शिवांजलीला विचारलं तर ती म्हणाली, "सर, तो शब्द वापरला की चूक मान्य केल्यासारखं होतं." तिचं तिच्या शास्त्राप्रमाणे बरोबर असेल. पण आपल्या घरात दर वर्षी न केलेल्या चुकांचीही क्षमा मागायची पद्धत, आणि केलेल्या चुकीच्या वेळी मात्र मी असल्यास-नसल्यास करत बसलो.

तिला दोष द्यायचा मी खूप प्रयत्न केला. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतात, असं चार जणांना बोलूनही दाखवलं. पण खरं ते असं की पहिल्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "लोकांनी तुमच्याबद्दल काय म्हणावं, असं तुम्हाला वाटतं?" मी चहा गार होईपर्यंत बोललो. परंपरा, विश्वास, शुद्धता. तिने ते सगळं माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत लिहून आणलं. पुढे ते जाहिरातीच्या फलकावर वाचून मलाच खरं वाटायला लागलं. शुद्धता काचेच्या कपाटात दिसत होती, मग शेडमध्ये जाऊन कोण बघतो? पूर्वी मी रोज सकाळी पहिल्या घाण्याला उभा असायचो. फलक लागल्यापासून जाणं कमी झालं, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

फोटोचं मात्र अजून थांब. दिवाळीच्या पुड्या छापून आल्या आहेत.

जिनू


सांगली
१५ ऑक्टोबर

अक्का,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच आता लिहितो. सवय लागली आहे.

'पुसून घे, चालतंय' ही आता म्हण झाली आहे. चहाच्या टपरीवर पोऱ्याने कप नीट विसळला नाही की गिऱ्हाईक म्हणतं. परवा एस्टीत खिडकीजवळची जागा ओली होती, तर कंडक्टर एका म्हातारीला म्हणाला, "पुसून घ्या मावशी, चालतंय," आणि सगळी गाडी हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार? हसता हसता उतरायचा स्टॉप चुकला. गाडी सर्व्हिसिंगला होती आणि तासगावला जायचं होतं म्हणून एस्टीत बसलो होतो.

तासगावला नानासोंच्या दुकानात गेलो होतो. त्यांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकाला लसणाचं काही सोयरसुतक नाही, लसणाचीच भडंग पोत्याने खपवणारा माणूस. तरी त्यांनी आपल्या सगळ्या पुड्या शेल्फावरून काढून खाली ठेवल्या होत्या. मी पेपराचं कात्रण पुढे केलं, चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून मला परत दिलं.

म्हणाले, "आवं, लसूण पेपरानं खाल्लाय व्हय? मग माफी पेपरात कशापायी?"

मी म्हणालो, "सगळ्यांपर्यंत पोचावी म्हणून."

"सगळ्यांस्नी काय करायचंय? ज्येच्या तोंडात गेला त्येच्या घरी ग्येलासा काय?"

त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि तुझी गोष्ट सांगायला लागले. लग्नाआधी तू एस्टीने पिशव्या घेऊन यायचीस. एकदा त्यांनी पुडी खवट निघाली म्हणून सांगितलं, तर तू फोडून बघितलीसुद्धा नाहीस, सगळी पिशवी उचललीस आणि दुसऱ्या दिवशी ताजी घेऊन आलीस. "खवट न्हवती ती," नानासो म्हणाले. "मीच बघत हुतो, पोरगी काय म्हणत्या. तवापास्नं मी तुमची पुडी कवा हुंगून बघितली न्हाई. फोटो तुमी नंतर छापला. आमास्नी अक्का आधीच ठावं हुत्या."

हे मला कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं, तुझा चेहरा साधा, प्रसन्न, म्हणून पुडीवर खुलून दिसतो. एजन्सीच्या लोकांनीही सर्व्हे करून तेच सांगितलं होतं, चेहऱ्यात जिव्हाळा आहे म्हणून.

परत आलो तर शिवांजली आणि तिचे साहेब भाऊबीजेची जाहिरात घेऊन बसले होते. मी पाटावर, तू ओवाळते आहेस, तुझ्या डोळ्यांत पाणी, आणि पडद्यावर अक्षरं, 'नात्यात कडवटपणा नको, भडंगीत लसूण नको'. तू नाही आलीस तर तुझ्यासारखी दिसणारी बाई आहे म्हणाले, पाठमोरी घेऊ, पदर तेवढा दिसेल.

मी ओरडलो, अक्का. अप्पांसारखाच ओरडलो, शेडमधली माणसं बाहेर आली. पदर कुणाचाही चालतो म्हणे! साहेब फाइल आवरून निघून गेले. शिवांजली दारात थांबली आणि तिने शांतपणे विचारलं, "सर, आमचं काम थांबवलंत ते ठीक. पण मग तुम्ही काय करणार?" टोमणा नव्हता तो. दोन दिवस झाले, तेच डोक्यात घोळतंय.

वार्निश निघतं का म्हणून कढई पण उतरवून बघितली. घासली, तापवली, तरी उग्र वास मारते. तिच्यात आता काही तळता येणार नाही.

जिनू


सांगली
३० ऑक्टोबर

अक्का,

पुडीवरचा तुझा फोटो काढून टाकला. दिवाळीच्या पुड्या छापलेल्या होत्या त्या रद्दीत घातल्या. नव्या पुडीवर नुसतं नाव आणि गावाचा पत्ता आहे. शिवांजलीला कुठून कळलं देव जाणे, तिचा फोन आला. म्हणाली, "सर, फोटोच्या जागी रिकामा गोल ठेवा. लोक विचारतील, चर्चा होईल. फार प्रभावी दिसेल." सवयीने बोलली बिचारी, आणि बोलून झाल्यावर आपणच हसली. मीही हसलो. नाही ठेवला रिकामा गोल. जैन भडंग बंद केली आहे, तेही कुठे जाहीर केलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगतो, आता आमच्याकडून नीट होत नाही.

भाऊबीजेला आलो नाही, कारण त्या दिवशी आलो असतो तर ती जाहिरातच झाली असती. दोन दिवसांनी साताऱ्याला येऊन गेलो. तुला माहीत नसेल. नानासो म्हणाले होते तसं, ज्याच्या तोंडात गेला त्याच्या घरी. मंदिरातून नावं घेतली आणि निघालो.

पहिलं घर राजमती काकूंचं. त्या लग्नाआधीपासून कंद खात नाहीत, आणि आपल्या पुडीने त्यांचा नेम मोडला. दारात चप्पल काढली, परत घातली, परत काढली. शेवटी म्हणालो, "काकू, मी जिनेंद्र. लसूण माझ्यामुळं गेला. मीच म्हणालो पुसून घे. घाई होती. मला माफ करा." मध्येच आवाज चिरकला, वाक्य कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं कळलं नाही.

काकूंनी आत बोलावलं. म्हणाल्या, "बस रं. तुजी भन येऊन ग्येली की कवाच. पुड्या परत न्यायला आलती. पाया पडली माझ्या. मी म्हणलं, चंदन, तुजा काय दोष ह्यात? तर म्हणली, तोंड माझं हाय पुडीवर."

मग त्या म्हणाल्या, "मी आपला एक उपास केला आन् सोडून दिलं. ती मातूर आजून अळणी जेवत्या. त्या दिवसापास्नं मीठ न्हाई घेतलं तिनं. तुला ठावं न्हाई?"

मला ठावं नव्हतं. मी सांगलीत अर्ध्या पानाच्या जाहिरातीत शब्द खोडत बसलो होतो, आणि तू एकेका जिन्यावर चढत होतीस.

तिथून पुढच्या घरी गेलो. तिथेही तू येऊन गेली होतीस, पुढेही. प्रत्येक ठिकाणी मी माझं सांगितलं. लोक चांगले आहेत, कुणी घालवून दिलं नाही, एका काकांनी तेवढं ऐकवलं आणि मग सरबत दिलं. पण एक गंमत झाली अक्का, म्हणजे गंमत नाही. संध्याकाळपर्यंत माझं वाक्य बसलं. कुठे थांबायचं, कुठे मान खाली घालायची, 'घाई होती' म्हणायचं की गाळायचं, सगळं आपोआप व्हायला लागलं. शेवटच्या घरी एक आजी डोळे पुसायला लागल्या, आणि माझ्या मनात आलं, हे छान जमलं. त्याच क्षणी लाज वाटली. एजन्सी घालवून दिली, आणि दिवसभरात मीच एजन्सी झालो.

त्यानंतर तुझं घर होतं. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. गल्लीत गाडी लावली, खाली उभा राहिलो. वर दिवा होता. तोंडात तेच वाक्य तयार होतं, घासूनपुसून चकाकत असलेलं. ते तुझ्यासमोर म्हणायची हिंमत झाली नाही. दुसरं सुचलं नाही. गाडी वळवली आणि आलो.

म्हणून लिहितो, जसं येईल तसं. मी फोटो काढत नव्हतो तो धंद्यासाठी, हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. अप्पा गेल्यावर तू सातारला, मी इकडे. रोज सकाळी गोदाम उघडलं की हजारभर अक्का माझ्याकडे बघून हसायच्या. मला वाटायचं, आपलं सगळं ठीक चाललंय. तुझा फोन आठ-आठ दिवस उचलायचा राहायचा आणि मला चुकल्यासारखंसुद्धा वाटायचं नाही, कारण तू इथे होतीस की. आता गोदाम उघडलं की नुसती अक्षरं दिसतात. मला तुझी फार आठवण येते गं.

मीठ खायला लाग. माझ्यासाठी नको, पण खा.

जिनू


सातारा
४ नोव्हेंबर

जिनू,

तुझी चारही पत्रं मिळाली. छापील कागद दाजींनी वाचला, मी नाही.

त्या दिवशी तू आल्याचं मला कळलं होतं. राजमती काकूंच्या सुनेने दुपारीच फोन केला होता, तुझा भाऊ घरं करत येतोय म्हणून. खिडकीतून गाडी दिसली. मी आधण ठेवलं. दाजी म्हणाले, हाक मारू काय? मी म्हटलं, नको, त्याचं त्याला येऊ दे वर. मग गाडी वळली. दोन कप चहा झाला होता, दोन्ही मीच प्यायले आणि रात्रभर जागी राहिले.

लोकांच्या घरी गेलास ते चांगलं केलंस. फोटो काढलास तेही. मंदिरात आता कुणी मला पुडीवरची अक्का म्हणून ओळखत नाही, बरं वाटतं. मिठाचं माझं मी बघेन, त्यात तू पडू नकोस.

क्षमेचं लिहायला तीनदा बसले. केली म्हणून लिहावं तर हात थांबतो. तू तसा नाहीस, पण कागदाचा भरवसा मला राहिला नाही. एकदा लिहिलं की ते दाखवता येतं. नाही केली म्हणून लिहावं तर तेही खरं नाही. तेव्हा कागदावर काहीच लिहीत नाही.

त्या पोरीला मी विचारलं होतं, त्यानं मागितली कवा. अजून तेच विचारते आहे. राजमती काकूंना मागितलीस, साऱ्या गल्लीला मागितलीस. माझ्या दारातून परत गेलास. वाक्य तयार नसलं तर नसू दे. आपण दोघं कधी वाक्यं तयार करून बोललो होतो? जिना चढ, स्वयंपाकघरात ये, खाली बस आणि सांग.

मागितलीस म्हणजे मिळेलच असं धरून येऊ नकोस.

पण ये.

अक्का